मॅचिंग नसलेला ब्लाउज

हिंगणघाट,
सोमवार, २१ मार्च २००५

ती. सौ. सुलोचनाआत्या यांना,

हिंगणघाटहून सपनाचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे खरोखर वाकून, कारण हे पत्र मी दुकानाच्या माळ्यावर बसून लिहिते आहे आणि इथे परकरांचे गठ्ठे असे रचले आहेत की ताठ बसता येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं उशाशी ठेवता? काकांचं मीठ कमी झालं का, की ते अजून पापड वेगळ्या डब्यात लपवून ठेवतात? इकडे सगळे खुशाल आहेत. तुमचे बंधू बरे आहेत, आई बरी आहे, आणि कोणी विचारलं तर मीही बरीच असते. समोर असताना मी तुम्हाला सरळ अगं-तुगं करते, हे खरं. कोर्ससाठी वर्षभर नागपूरला तुमच्या महालातल्या घरी राहिले, तुमच्या हातचं जेवले, तुमच्याच शिवणयंत्राची सुई तीनदा मोडली. तरी पत्रात 'तुम्ही' लिहिते आहे, कारण मला थोडं भांडायचं आहे आणि मोठ्या माणसांशी भांडताना अहो-जाहो केलेलं बरं असतं. फोनच केला असता, पण फोन गल्ल्यावर आहे आणि गल्ल्यावर बाबा आहेत.

गेल्या जूनमध्ये कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन मी परत आले तेव्हा बाबांनी मला हा माळा दिला. आधी इथे फक्त परकर होते, आता परकर आणि मी. पाटी रंगवायची ठरली. मी कागदावर 'फॅशन स्टायलिस्ट' असं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. पेंटरला वाटलं असावं की पोरीची लिहिण्यात चूक झाली, म्हणून त्याने आपल्या मनाने दुरुस्ती केली आणि 'फॅशन स्टाइल लिस्ट' अशी पाटी आणली, खाली एक मोर काढून. (मोराबद्दल मी काही म्हणत नाही, मोर चांगला होता.) बाबा म्हणाले, राहू दे, रंग वाळला आहे. मग दोन महिने बायका जिना चढून यायच्या आणि लिस्ट दाखवा म्हणायच्या. मी त्यांना समजावून सांगायची, की मी शिवत नाही, विकत नाही, तर कोणाला काय शोभेल, कशावर काय घालावं, सध्या काय चालू आहे, ते सांगते. त्या माझं सगळं बोलणं मन लावून ऐकायच्या आणि मग विचारायच्या, की पिको-फॉल करून देता का? ऑगस्टपासून मी पिको-फॉल करून देते.

सध्या काय चालू आहे ते आधी मला कळावं म्हणून मी बसस्टँडवरच्या स्टॉलवरून मासिकं आणते. ती इथे पोचेपर्यंत दोन महिने जुनी झालेली असतात, तरी चित्रं कापून वहीत चिकटवते, खाली रंग आणि कापड लिहून ठेवते. इथल्या बायकांना असल्या वहीची गरज नाही, त्यांच्या टीव्हीवर मालिका आहेत. ब्लाउज त्यांना मालिकेतल्या दुष्ट बाईसारखा हवा असतो, आणि तो घालून दिसायचं असतं त्याच मालिकेतल्या सोशिक सुनेसारखं. (कपाळावर नागासारखी वळणावळणाची टिकली लावून हे कसं जमवायचं, ते कोर्समध्ये शिकवलं नाही.) जिनिंगवाल्यांच्या मुलीला मी कॉलेजच्या गॅदरिंगसाठी एक ओढणी करून दिली होती. तिचे काठ मुद्दाम दुमडले नव्हते, धागे सुटे ठेवले होते, आणि त्या वेळी नागपुरातसुद्धा ती गोष्ट चार-दोन मुलींनाच माहीत होती. दुसऱ्या दिवशी तिची आई ओढणी घेऊन माळ्यावर आली आणि म्हणाली, काम अर्धवट आहे. मी म्हटलं ही फॅशन आहे. तिने तीच ओढणी समोरच्या गुलाबभाऊ टेलरकडून दुमडून शिवून घेतली, वरून चमकीची लेस लावली, आणि गुलाबभाऊ आजपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की हिरालालची पोरगी नागपूरला शिकून आली खरी, पण तिला अजून काठ मारता येत नाही.

हे सगळं मी हसत सहन केलं, आत्या. आता तुमच्यापर्यंत येते.

नोव्हेंबरात तुम्ही देवळीचं स्थळ आणलंत. भैयाजींचं शेतीच्या औषधांचं दुकान, एकच मुलगा, नाव पियुष, बी.एस्सी. झालेला, सुपारीचंही व्यसन नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. आणि खाली रेघ मारून लिहिलं होतं, की साधीच साडी नेसावी. ती रेघ मी पाहिली होती, खोटं बोलणार नाही. पण मी विचार केला, की दुसऱ्यांना काय घालावं ते सांगणारी बाई, आणि तिनेच बघण्याच्या दिवशी घाबरून आईची गुलाबी साडी गुंडाळली, तर माझ्या पाटीला काय अर्थ? (पाटीला तसाही नव्हता.) म्हणून मी रस्ट रंगाची क्रेप नेसले आणि तिच्यावर मोरपंखी ब्रोकेडचा, कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातला. मुद्दाम न जुळणारा. एका हातात भरून बांगड्या, दुसरा हात मोकळा. आरशात पाहिलं तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. तसा त्यानंतर वाटलेला नाही.

पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या आईने, म्हणजे अनुसयाबाईंनी, माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंत सावकाश नजर फिरवली. मग अगदी मायेने विचारलं, "काऊन बाई, मॅचिंग नाई भेटलं काय? घरचंच त दुकान हाये."

बाबांचं तोंड तुम्ही पाहायला हवं होतं. साऱ्या बाजारात ज्यांना मॅचिंगवाले हिरालाल म्हणतात, त्यांच्या घरात त्यांच्याच पोरीच्या अंगावर न जुळणारा ब्लाउज. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, खाली चाळीस छटा आहेत, आत्ता आणतो. मी त्यांना बसवलं आणि खुलासा करायला लागले. आत्या, तिथेच मी चुकले. गप्प बसले असते तर बाबांवर निभावलं असतं. मी पाच-सात मिनिटं बोलले. कॉन्ट्रास्ट म्हणजे काय, कोणता रंग कोणत्या रंगाला उठाव देतो, मॅचिंग हे आता कसं मागे पडलं आहे, असं सगळं, मॅचिंगवाल्या हिरालालच्या देखत. मग पियुषने विचारलं, की हा साडीचा रंग कोणता? मी म्हटलं रस्ट. तो म्हणाला, म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे गंज. लोखंडावर चढतो तो गंज माझ्या मनात होता. आपल्याकडे गंज म्हणजे भात शिजवायचं भांडं, हे त्या घटकेला माझ्या डोक्यातून गेलं होतं. अनुसयाबाईंनी विचारलं, की पितळेचा का जर्मनचा? पियुष हसला. मोठ्याने नाही, रुमाल तोंडाला लावून, आणि माझ्याकडे पाहून. नंतर आम्हाला पाच मिनिटं गच्चीवर बोलायला पाठवलं तेव्हा तो म्हणाला, की देवळीतही बायका आहेत, देवळीतही पाटी लावता येईल. इतकंच बोलला. मला तो आवडला. हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे म्हणून हे पत्र पाकिटात आहे.

देवळीकरांचं उत्तर तुम्ही कळवलंत, ते पाकिटात नव्हतं. तुम्ही ते पोस्टकार्डावर पाठवलंत. 'मुलगी सुरेख आहे, पण त्यांच्या घराच्या मानाने जरा जास्तच फॅशनची वाटली, तरी वाईट वाटून घेऊ नये.' पोस्टमनने ते खाली ओट्यावर वाचलं, मग बाबांना वाचून दाखवलं (बाबांचा चष्मा दुरुस्तीला होता), त्या वेळी दुकानात साड्या पाहत बसलेल्या तीन बायका होत्या, आणि मला ते जेवायच्या वेळेला मिळालं. तोपर्यंत समोरच्या गुलाबभाऊंनी मला दोनदा सांगितलं होतं, की वाईट वाटून घेऊ नको.

पुढचे तीन महिने कोणी काही बोललं नाही. आईने माझ्या साड्यांच्या कपाटाला कुलूप लावलं नाही, एवढंच. मग फेब्रुवारीच्या शेवटी वडनेरहून दोघी मायलेकी आल्या. आई रुख्माबाई, मुलगी अंजू. शेतीवाडीचं घर, गावात छोटं किराणा दुकान. अंजू बी.ए. झालेली, सावळी, उंच, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणारी. मला म्हणाली, ताई, मला पाहायला येणार आहेत, काय नेसायचं ते तुम्ही सांगा. आत्या, नऊ महिन्यांत पिको, फॉल किंवा लिस्ट न मागता माझ्याकडे आलेली ती पहिली मुलगी. मला इतका आनंद झाला की मी तिला वही दाखवली, खांद्यांचं माप घेतलं, मान कशी धरते ते पाहिलं. मग सहज विचारलं, की पाहुणे कुठले? तर म्हणाली, देवळीचे. भैयाजींचा मुलगा.

आता मी जे केलं ते वाचून तुम्हाला बरं वाटणार नाही. मलाही लिहायला बरं वाटत नाही. मी खाली गेले आणि बाबांच्या गठ्ठ्यातून रस्ट रंगाची क्रेप काढली. (त्या रंगाच्या दोन मागवल्या होत्या. एक माझी, दुसरी तशीच पडून होती.) तिच्यावर मोरपंखी ब्रोकेडचं कापड ठेवलं. कोपरापर्यंत बाह्या. एका हातात बांगड्या. अंजूने कापडावर कापड ठेवून पाहिलं आणि विचारलं, असं चालते काय ताई? मी तिच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, की सध्या हेच चालू आहे. यातला शब्द न शब्द खरा होता, आणि म्हणूनच ते सांगायला मला काही कठीण गेलं नाही. माझ्या मनात एवढंच होतं, की अनुसयाबाईंनी तिलाही विचारावं, काऊन बाई, मॅचिंग नाई भेटलं काय. म्हणजे मला कळेल की दोष माझ्यात नव्हता, ब्लाउजात होता. त्या पोरीचं काय होईल याचा विचार मी केला नाही. केला, पण ब्लाउज गुलाबभाऊंकडून शिवून आल्यावर केला, आणि तोवर रविवार आला होता.

रविवारी, सहा तारखेला, मी स्वतः वडनेरला गेले. नेसवणं हे कामाचं निमित्त, खरं तर मला ऐकायला जायचं होतं. साडी नेसवून अंजूला पुढच्या खोलीत पाठवली आणि मी स्वयंपाकघरात दाराच्या पडद्यामागे उभी राहिले, कारण देवळीहून आलेल्या तिन्ही पाहुण्यांनी मला पाहिलेलं होतं. अंजूने ट्रे ठेवला. मी पडद्याची कड हातात घट्ट धरली होती. मग अनुसयाबाईंचा आवाज आला.

"हे बरं केलं व पोरी. आता असंच चालू हाये. अमरावतीले माह्या भाचीच्या लग्नात समद्या सुना असंच घालून होत्या. मॅचिंग आता कोनी घालत नाई."

पंधरा आठवडे, आत्या. मी घरी आल्यावर कॅलेंडर घेऊन मोजले. माझा एकवीस नोव्हेंबर ते अंजूचा सहा मार्च, पंधरा आठवडे. एवढ्या दिवसांत तो ब्लाउज अमरावतीहून देवळीला पोचला. मी पंधरा आठवडे थांबून जन्माला आले असते तर आज पियुषच्या नावाची हळद दळत असते. इंग्रजी मासिकात लिहितात, की काळाच्या पुढे असावं. लिहिणाऱ्या बाईला बघायला देवळीहून कोणी येत नसणार. पडद्यामागे मी अजून एक गोष्ट ऐकली. पियुषने अंजूला विचारलं, की हा साडीचा रंग कोणता? मला वाटत होतं, तो प्रश्न त्याला तेव्हा माझ्याकडे पाहून सुचला होता. तसं नव्हतं, तो प्रश्न त्याच्याकडे होताच. अंजू म्हणाली, विटकरी. कोणाला भांडं आठवलं नाही. विटकरी! मराठीत इतका सोपा शब्द होता आणि वर्षभराच्या कोर्समध्ये मी तोच विसरून आले.

होकार तिथल्या तिथे दिला. नारळ झाला, कुंकू झालं. अंजू आत आली ती सरळ माझ्या पायांकडे वाकली. तिचं कपाळ कुंकवाने भरलेलं होतं. मला ते सोसेना, मी तिला धरून उभी केली आणि सांगून टाकलं, की अंजू, हे लोक आधी मला पाहून गेले आहेत.

"माहीत हाये ताई," ती म्हणाली. "म्हनूनच त आम्ही तुमच्याकडे आलो. तुमाले त्यायनं काऊन नाई म्हटलं ते तुमालेच माहीत असन. तेवढं टाळून तुम्ही मले नेसवान, असं आई म्हने."

समजलं का आत्या? मला वाटलं होतं माझी कीर्ती वडनेरपर्यंत गेली. कीर्ती नव्हती गेली, ते पोस्टकार्ड गेलं होतं. त्यांना सर्टिफिकेटवाली बाई नको होती, त्या घराने नापास केलेली बाई हवी होती, म्हणजे पेपर काय येतो ते तिच्याकडून कळेल. आणि मी त्या भोळ्या पोरीला नेमकं तेच चुकीचं उत्तर लिहून पाठवलं, आणि ती पहिल्या नंबराने पास झाली. हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पाहुणे गेल्यावर रुख्माबाई चिवड्याचा पुडा घेऊन माझ्याजवळ आल्या. अंजू बाहेर होती. त्यांनी पुडा माझ्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "सकाळी तो ब्लाउज पोरीच्या अंगावर पाह्यला न, तवा म्या तुमच्यावर शक घेतला होता बाई. मनात ठेवू नका."

मी म्हटलं, नाही ठेवणार. चिवडा घेतला. बसमध्ये वडनेरपासून हिंगणघाटपर्यंत तो मांडीवर ठेवून बसले आणि घरी आल्यावर आईला दिला. आईला तो फार आवडला, तिखट बेताचं होतं म्हणाली.

तेव्हापासून माझं काम जोरात आहे. कोणत्या मुलीला कोणी नाकारलं की तिची आई तिला घेऊन जिना चढते. आल्यावर आधी दबक्या आवाजात सांगते, की त्यांनी काय म्हटलं. रंग, उंची, दात, शिक्षण, जास्त बोलते, काहीच बोलत नाही. मी वहीत लिहून घेते. पूर्वी त्या वहीत चित्रं असायची. पाटीही बाबांनी नव्याने रंगवून घेतली, शब्द आता बरोबर आहेत, फक्त त्याखाली बाबांनी माझ्या अपरोक्ष 'बघण्याच्या कार्यक्रमाचे खास' असं लिहवून घेतलं आहे. आणि गेल्या बुधवारी देवळीहून अनुसयाबाईंचा निरोप आला. लग्न वैशाखात आहे, दोन्हीकडच्या बायकांनी काय नेसायचं ते सगळं मीच ठरवायचं. निरोप आणणारा माणूस म्हणाला, की त्या म्हणत होत्या, हिरालालच्या पोरीले कपड्यातलं कळते. बाबा दिवसभर ते वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवत होते. मी त्यांना हो कळवून टाका म्हटलं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. नवरदेवाचं मापही मलाच घ्यायचं आहे, शेरवानीसाठी.

तुमच्यावर माझा राग होता तो इथपर्यंत लिहिता लिहिता बराच खर्ची पडला. पोस्टकार्डाचा थोडा शिल्लक आहे, तो भेटीत काढीन. काकांना नमस्कार सांगा, पापडाबद्दल मी विचारलं हे सांगू नका. गुडघ्याला तेल लावत जा. लावता असं मला पत्रात खोटं तरी कळवा.

तुमची, माळ्यावरची,
सपना

ता.क. – खरं म्हणजे एका कामासाठी लिहायला बसले होते. इतवारीच्या बाजारातून सहा मीटर लेस आणून ठेवा. दोन बोटं रुंद, जुन्या सोन्याच्या रंगाची, चकाकणारी नको. अंजूचे खांदे उतरते आहेत, लग्नाच्या शालूवर तिला गळ्याशी अशी लेस लावली तर ती फार देखणी दिसेल. मी कागदावर सात वेळा काढून पाहिलं. या खेपेला माझ्या मनात दुसरं काही नाही. हेही मी सात वेळा तपासून पाहिलं.

ता.क. दुसरा – लेस पोस्टाने पाठवू नका, स्वतः घेऊन या, शनिवारपर्यंत. रविवारी पुलगावचे लोक मला पाहायला येणार आहेत. हे स्थळ बाबांनीच आणलं आहे, म्हणून तुम्हाला कळवलं नसेल. मी बोलावलं असं म्हणू नका, सहज आले म्हणा. काल आई आंघोळीला गेली तेव्हा मी कपाट उघडून बसले होते. अठरा साड्या आहेत. एकेक काढून खांद्यावर टाकून पाहिली आणि परत ठेवली. इतक्या मुलींना मी सांगते, पण मला स्वतःला कोणती नेसावी ते काही केल्या सुचत नाही. तुम्ही या आणि एक काढून द्या. जी द्याल ती नेसेन. काही बोलणार नाही.